पट बारा, निकाल शंभर टक्के : छोट्या शाळेचे आकडे कसे वाचावेत?

प्रतिनिधी

शैक्षणिक वर्ष संपत आले की जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांविषयी दोन परस्परविरोधी बातम्या वाचनात येतात. एका बातमीत एखाद्या वाडीवरच्या शाळेतील सर्व मुले वाचू-लिहू लागल्याचे कौतुक असते, तर दुसरीत ग्रामीण शाळांचा दर्जा खालावल्याची चिंता असते. दोन्ही बातम्यांना आकड्यांचा आधार असतो आणि दोन्हींतील आकडे खरेही असू शकतात. मात्र ज्या शाळेत पहिली ते चौथी मिळून बाराच मुले आहेत, त्या शाळेची टक्केवारी नेमके काय सांगते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न काही अपवादात्मक शाळांपुरता मर्यादित नाही. राज्यात २० किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या १४,७८३ शाळा असल्याची शिक्षण विभागाची आकडेवारी सप्टेंबर २०२३ मध्ये समोर आली. या शाळांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत होते आणि २९,७०७ शिक्षक कार्यरत होते. म्हणजे सरासरीने एका शाळेत १२ ते १३ मुले आणि दोन शिक्षक. देशपातळीवरील चित्रही याच दिशेने जाणारे आहे. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार, भेट दिलेल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांपैकी ५२.१ टक्के शाळांत ६० पेक्षा कमी मुले होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ४४ टक्के होते.

या शाळेला शिक्षक किती मिळणार, ती चालू राहणार की शेजारच्या गावातील शाळेत विलीन होणार, हे पट आणि गुणवत्ता या दोन आकड्यांवरून ठरते. त्यामुळे हे आकडे कसे तयार होतात, कोणता आकडा विश्वासार्ह आणि कोणता फसवा, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

पट, उपस्थिती आणि गावातील मुले

शाळेच्या दप्तरात ‘जनरल रजिस्टर’ हे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक मानले जाते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात होते आणि शाळा सोडल्याचा दाखला दिल्यावर तेथेच शेरा पडतो. त्यावरून वर्गवार हजेरीपट तयार होतो. हजेरीपटावरील मुलांची संख्या म्हणजे शाळेचा ‘पट’. प्रत्यक्षात वर्गात येऊन बसणाऱ्या मुलांची संख्या म्हणजे ‘उपस्थिती’. गावातील सहा ते चौदा वर्षे वयाच्या एकूण मुलांची संख्या हा तिसरा, पूर्णपणे वेगळा आकडा होय. चर्चेत या तिन्हींची अनेकदा सरमिसळ होते.

सरकारी कामकाजात पटाची गणना प्रामुख्याने ३० सप्टेंबर या दिवसाच्या स्थितीवर केली जाते. त्यावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस ‘संचमान्यता’ म्हणतात. देशभरातील शाळांची माहिती ‘यू-डायस’ या प्रणालीत भरली जाते. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७), पुढील दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे असतात. २०२२-२३ पासून या प्रणालीत शाळेच्या एकत्रित संख्येऐवजी विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाऊ लागली.

पट हा आकडा शिक्षकांच्या पदांशी जोडलेला असल्याने तो फुगविण्याचा मोह होतो, हे राज्याने अनुभवले आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरील लाखो विद्यार्थी वर्गात आढळले नाहीत. विद्यार्थ्यांची आधार क्रमांकाशी जोडणी करण्यामागे हीच पार्श्वभूमी आहे. मात्र जोडणीत अडचण आली की खरे मूलही गणनेतून सुटते. शंभर मुलांच्या शाळेत असे एखादे मूल सुटले तर फारसे बिघडत नाही. ज्या शाळेचा पट मंजुरीच्या सीमारेषेवर आहे, तेथे मात्र एका मुलामुळे एका शिक्षकाचे पद जाऊ शकते.

शाळा लहान का झाली?

पट कमी असणे म्हणजे शाळा वाईट, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पट कमी होण्याची बहुतांश कारणे शाळेच्या भिंतीबाहेरची आहेत.

पहिले कारण असे की, यातील अनेक शाळा मुळातच लहान म्हणून सुरू झाल्या. डोंगराळ भागातील वाड्या, पाडे, तांडे आणि शेतातील वस्त्या यांतील मुलांना गावच्या शाळेपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी २००० नंतरच्या काळात राज्यात वस्तीशाळा सुरू करण्यात आल्या आणि पुढे त्यांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात शाळा असावी, असा निकष ठरविला. वस्ती लहान असेल तर तिच्याजवळची शाळाही लहानच असणार, हे उघड आहे.

दुसरे कारण घटलेल्या जन्मदराचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ इतका नोंदला गेला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. साहजिकच पहिलीच्या वर्गात दाखल होणारी मुलेच कमी झाली आहेत. तिसरे कारण कायमस्वरूपी स्थलांतराचे. कोकणातील रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत नोकरीनिमित्त मुंबई-ठाण्याकडे गेलेल्या कुटुंबांची घरे गावात आहेत, मुले मात्र शहरातील शाळांच्या पटावर आहेत.

चौथे कारण इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांचे. तालुक्याच्या ठिकाणची पिवळी गाडी सकाळी फाट्यावर येते आणि ज्या पालकांना शुल्क परवडते त्यांची मुले तीत बसतात. या प्रवाहाचा पटाच्या संख्येइतकाच पटाच्या रचनेवरही परिणाम होतो. थोडीफार ऐपत असलेल्या घरांतील मुले गेली की मागे राहतात ती भूमिहीन, अल्पभूधारक आणि मजूर कुटुंबांतील मुले. अशा शाळेची सरासरी गुणवत्ता काही अंशी घटली, तर शिकविण्याचा दर्जा घटला असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. काही प्रमाणात शिकणारी मुलेच बदललेली असतात.

पटावर कोण आहे?

सरकारी शाळांत मुलांपेक्षा मुलींचे प्रमाण अधिक असल्याचे ‘असर’च्या अहवालांतून दिसून आले आहे. मुलासाठी खासगी शाळेचे शुल्क भरायचे आणि मुलीला गावच्या शाळेत घालायचे, हा अनेक घरांतील व्यवहार त्यामागे आहे. छोटी शाळा बंद झाल्यास कोणाचे शिक्षण आधी धोक्यात येईल, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आकड्यात दडले आहे.

मात्र मुलामुलींच्या संख्येकडेही स्थानिक संदर्भासह पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. राज्याचे प्रमाण ८९४ होते. ही मुले पुढील काही वर्षांत पहिलीत दाखल झाली, तेव्हा त्या जिल्ह्यातील २० मुलांच्या वर्गात सरासरीने नऊच मुली असणे अपेक्षित होते. तेथे मुलींचा पट कमी दिसला, तर त्याचे मूळ शाळेपेक्षा जन्माआधीच्या भेदभावात शोधावे लागते.

घरची भाषा हा दुसरा महत्त्वाचा घटक. नंदुरबारमध्ये भिली व पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, तांड्यांवर गोरमाटी बोलणारी मुले शाळेत प्रथमच प्रमाण मराठीला सामोरी जातात. पहिली-दुसरीतील वाचनाच्या चाचणीत अशा मुलाची दोन कसोट्यांवर परीक्षा होते. अक्षर ओळखणे ही एक आणि परकी भाषा समजणे ही दुसरी. चाचणीच्या तक्त्यात मात्र एकच रकाना असतो.

तिसरा घटक हंगामी स्थलांतराचा, आणि मराठवाडा व अहिल्यानगर जिल्ह्याच्या काही तालुक्यांत तो निर्णायक ठरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटककडे निघतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. पालघर, रायगड भागांतील कातकरी कुटुंबे याच काळात वीटभट्ट्यांवर जातात. आता दिनदर्शिका पाहा. पट मोजला जातो ३० सप्टेंबरला, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी. वर्षअखेरची चाचणी होते एप्रिलमध्ये, म्हणजे काही मुले नुकतीच परतलेली असताना. मधले पाच-सहा महिने मूल फडात किंवा भट्टीवर होते, ही माहिती दोन्ही आकड्यांत दिसत नाही. मुलांनी गावातच राहावे यासाठी हंगामी वसतिगृहे, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा आणि दुसऱ्या गावी प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड, असे उपाय योजले गेले. त्यांचा लाभ मिळालेले मूल आणि न मिळालेले मूल यांच्या गुणांची तुलना शाळेच्या सरासरीतून होऊ शकत नाही.

गुणवत्ता कशी मोजतात?

‘निकाल शंभर टक्के’ हे वाक्य प्राथमिक शाळेच्या बाबतीत सर्वांत कमी माहिती देणारे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. २०१९ मधील दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीच्या वर्गांबाबत वेगळा निर्णय घेण्याची मुभा मिळाली. त्यानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि त्यानंतर त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. चौथीपर्यंतच्या शाळेत मात्र सर्व मुले पुढच्या वर्गात जाणे हा नियमच आहे. त्यावरून शाळेची पारख होऊ शकत नाही.

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धत लागू झाली. तीत वर्षभरातील निरीक्षण, तोंडी काम, कृती आदींवर आधारित आकारिक आणि सत्राअखेरचे संकलित असे दोन भाग आहेत. यातील श्रेणी वर्गशिक्षकच देतात. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमांतर्गत राज्यभर एकसमान पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. २०२३-२४ पासून भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या.

राष्ट्रीय पातळीवर दोन प्रकारच्या पाहण्या होतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय संपादणूक पाहणी १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. तिची जागा घेणारे ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या वर्गांत झाले. दोन्ही पाहण्या निवडक शाळांच्या नमुन्यावर आधारित आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी शाळेत न होता घरोघरी होते. एका जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे, अशी तिची साधारण रचना आहे. मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला दिली जाते. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार विचारला जातो. देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ४४.२ टक्के, करोनानंतर २०२२ मध्ये ३८.५ टक्के आणि २०२४ मध्ये ४४.८ टक्के आढळले.

या पाहण्या जिल्हा, राज्य व देश यांचे चित्र सांगण्यासाठी आहेत. एका वाडीवरची शाळा कशी आहे, हे त्यांपैकी कोणतीही सांगू शकत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालावरून शाळेची प्रतिष्ठा ठरविण्याची जुनी प्रथा आहे. पूर्वी चौथी व सातवीला होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला घेण्यात येऊ लागली. परिणामी चौथीपर्यंतच्या हजारो शाळा या स्पर्धेतून आपोआप बाहेर पडल्या. त्यांच्या नावावर शिष्यवृत्तिधारक दिसत नव्हते, कारण परीक्षा देण्याच्या वयाला मूल त्या शाळेत नव्हतेच. ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर आणण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला.

टक्केवारीचा चकवा

छोट्या शाळेच्या आकड्यांबाबत सर्वांत मोठी गफलत संख्याशास्त्रीय आहे. समजा, चौथीत पाच मुले आहेत. गेल्या वर्षी त्यांपैकी चौघांना गोष्ट वाचता आली, यंदा तिघांना. कागदावर शाळेची गुणवत्ता ८० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर घसरली. प्रत्यक्षात फरक एका मुलाचा आहे. दीडशे मुलांच्या शहरी शाळेत एका मुलाचे वजन एका टक्क्याहूनही कमी असते.

यापुढे जाऊन एक हिशेब करता येईल. अशी कल्पना करू की सर्व शाळांत अध्यापन अगदी सारखे आहे आणि प्रत्येक मूल वाचू शकण्याची शक्यता दहापैकी सात आहे. तरीही चार मुलांच्या वर्गांपैकी सुमारे २४ टक्के वर्गांत चारही मुले वाचणारी निघतील आणि ती शाळा ‘शंभर टक्के’ ठरेल. त्याच वेळी सुमारे आठ टक्के वर्गांत एकच मूल वाचणारे असेल किंवा एकही नसेल आणि ती शाळा ‘अप्रगत’ ठरेल. दोन्ही शाळांतील शिक्षक तितकेच कष्टाळू, मुले तितकीच हुशार. फरक केवळ योगायोगाचा. शंभर मुलांच्या शाळेत यापैकी काहीही घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे.

हा केवळ कागदी हिशेब नाही. अमेरिकेत हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग या अभ्यासकांनी २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील १,६६२ शाळांच्या निकालांची तपासणी केली. सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या ५० शाळांत सर्वांत लहान ५० शाळांपैकी सहा शाळा होत्या. केवळ याच बाजूने पाहिले असते तर लहान शाळा उत्तम, असा निष्कर्ष निघाला असता. परंतु सर्वांत कमी गुणांच्या ५० शाळांतही सर्वांत लहान शाळांपैकी नऊ होत्या. लहान शाळा यादीच्या दोन्ही टोकांना गर्दी करतात, कारण त्यांची सरासरी स्थिर नसते.

म्हणूनच छोट्या शाळेच्या एका वर्षाच्या टक्केवारीवरून शिक्षकाचा सत्कार करणे जितके घाईचे, तितकेच त्याला नोटीस देणेही घाईचे होय. तीन-चार वर्षांची मुले एकत्र मोजणे आणि टक्क्यांऐवजी ‘पंधरापैकी अकरा’ असे सांगणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

संख्या लहान असण्याचा आणखी एक धोका आहे. चार मुलांच्या वर्गाचा प्रवर्गनिहाय किंवा अपंगत्वनिहाय निकाल फलकावर लावला, तर ते मूल कोण हे सर्व गावाला कळते. अमेरिकेत ठरावीक संख्येहून लहान गटाचे निकाल जाहीर न करण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही असे तपशील शाळा व पालक यांच्यापुरते ठेवणे मुलांच्या हिताचे आहे.

दोन शिक्षक, चार वर्ग

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक अपेक्षित आहेत. २० पटाच्या शाळांची सरासरी पाहिली तर एका शिक्षकामागे सहाच मुले येतात. शहरी वाचकाला हे प्रमाण हेवा वाटावा असे दिसेल. परंतु या सहा मुलांत दोन इयत्ता आणि चार-पाच विषय असतात. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला बसवून त्याच वेळी दुसरीच्या मुलाला हातचा समजावून सांगायचा, याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात.

दोनपैकी एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा केंद्रावरच्या बैठकीला गेला की उरलेल्याकडे चारही वर्ग येतात. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. मात्र पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम शाळेतच असते व मोठ्या शाळेत दहा जणांत वाटले जाणारे हे काम येथे दोघांवर पडते. २०२४-२५ च्या यू-डायस आकडेवारीनुसार महाराष्ट्रात ८,१५२ शाळा एकशिक्षकी होत्या. तेथे वाटून घ्यायला दुसरा कोणीच नाही. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित धरले आहे. एकशिक्षकी शाळेत ते चार वर्गांत विभागले, तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे थेट २०० तास येतात.

असे असले तरी बहुवर्ग हे संकटच असते असे नाही. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शिक्षण केंद्राने वर्गभिंती बाजूला ठेवून प्रत्येक मुलाने आपल्या गतीने पायऱ्या चढाव्यात, अशी कार्डांवर आधारित पद्धत विकसित केली. तमिळनाडूने त्याच धर्तीवरील कृतियुक्त अध्ययन प्राथमिक शाळांत नेले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग केला आणि तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील जालिंदरनगर शाळा २०२५ मध्ये जगातील सर्वोत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटातील पहिल्या दहांत निवडली गेली. मात्र ही उदाहरणे सर्व छोट्या शाळांचे मोजमाप म्हणून वापरणे अन्यायाचे ठरेल. योग्य पद्धत, टिकून राहणारा शिक्षक आणि गावाची साथ मिळाली तर कमी पट आड येत नाही, एवढेच त्यांवरून सिद्ध होते.

बंद की समूह?

डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचा दाखला देत, २० पर्यंत पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याबाबत जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा शाळांतील दोनपैकी एक जागा कंत्राटी पद्धतीने भरण्याचा शासन निर्णय निघाला. विरोधानंतर तो २०२५ मध्ये रद्द करण्यात आला.

एकत्रीकरणाच्या बाजूचे मुद्दे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. तीन मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, समवयस्क सोबती मिळत नाहीत, वाचनालय व प्रयोगसाहित्य तुटपुंजे राहते. सहावीनंतर गणित, विज्ञान व भाषा यांना स्वतंत्र शिक्षक मिळणे तर अशक्यच. मोठ्या वर्गांसाठी एकत्रीकरणाचा फायदा अधिक आहे.

पहिली-दुसरीतील सहा-सात वर्षांच्या मुलांचा हिशेब निराळा आहे. त्यांच्यासाठी शाळेचे अंतर हाच प्रवेशाचा निकष ठरतो. नकाशावरचे दोन किलोमीटर पावसाळ्यात ओढा आडवा आला की दुप्पट होतात. गाडी वेळेवर आली नाही तर त्या दिवशीची मजुरी बुडवून मुलाला पोहोचविणे पालकांना परवडत नाही. मुलगी असेल तर तिला घरीच ठेवण्याकडे कल वाढतो. शाळा विलीन झाली की तिचा पट शून्य होतो आणि मोठ्या शाळेचा वाढतो. या दोन आकड्यांच्या मध्ये किती मुले गळाली, हे कळण्यासाठी दोन्ही शाळांची जनरल रजिस्टरे शेजारी ठेवून नावागणिक पडताळणी करावी लागते. बचतीचा हिशेब मांडताना ही पडताळणी आणि वाहतुकीचा कायमचा खर्च, दोन्ही धरले जाणे अत्यावश्यक आहे.

शाळेचे आकडे पाहताना विचारावेत असे प्रश्न

- पट कोणत्या तारखेचा आहे आणि डिसेंबर-जानेवारीतील प्रत्यक्ष उपस्थिती किती?
- गावात शाळायोग्य वयाची एकूण मुले किती? त्यांपैकी किती येथे, किती खासगी शाळेत आणि किती शाळाबाह्य?
- मुले व मुली यांचे गावातील प्रमाण आणि शाळेतील प्रमाण यांत किती फरक आहे?
- किती मुलांची घरची भाषा मराठीहून वेगळी आहे? किती कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात?
- निकाल टक्क्यांत आहे की संख्येत? एका वर्षाचा आहे की तीन वर्षांचा?
- पहिलीत आलेले मूल चौथीपर्यंत कोणत्या पायऱ्या चढले, याची मूलनिहाय नोंद आहे का?
- गेल्या तीन वर्षांत शिक्षक किती वेळा बदलले? किती दिवस शाळा एकाच शिक्षकावर चालली?
- चौथीनंतर मुले कोठे गेली? त्यांतील मुली किती?

या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असणे बंधनकारक आहे. बारा मुलांच्या शाळेत ही समिती प्रत्येक मुलाची प्रगती नावानिशी तपासू शकते. हजार मुलांच्या शहरी शाळेला ही सोय नाही. छोट्या शाळेत टक्केवारी निरुपयोगी ठरते, परंतु तेथे टक्केवारीची गरजही नसते. प्रत्येक मूल मोजता येते, इतकी ती शाळा लहान असते.

शाळा ठेवायची की मिटवायची, याचा निर्णय जिल्ह्याच्या कचेरीत एका तक्त्यावरून होतो. त्या तक्त्यात पटाचा रकाना असतो आणि एखाद्या वेळी गुणवत्तेचाही असतो. तेथे अंतर, भाषा, स्थलांतर आणि मुलींची संख्या यांचे चार रकाने वाढविले, तर काही शाळा एकत्र करणेच योग्य ठरेल आणि काही शाळा चार मुलांसाठीही सुरू ठेवाव्या लागतील. त्या चौघांपैकी एखाद्या मुलीसाठी ती शाळा हाच शिक्षणाचा एकमेव मार्ग असू शकतो. तो बंद करण्यापूर्वी तिचे नाव आणि तिच्या पुढच्या शाळेचा रस्ता, एवढे तरी निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.